तीन सिलिंडर धाकट्याचे, तीन थोरल्याचे

ट्रक मी चालवते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकता ऐकता तुम्ही ते विसरून जाल. आमच्या घरचे तर रोज विसरतात.

कोहमाऱ्याजवळ आमचं गाव. घरात सासरे रूपलाल बिसेन आणि त्यांची दोन मुलं. थोरला हेमेंद्र, तो माझा नवरा. धाकटा लोकेंद्र, त्याचं कोहमाऱ्याच्या चौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. ट्रक सासऱ्यांनी घेतलेला, सहा सिलिंडरचा, आता पार म्हातारा. आधी तेच चालवायचे, मग हेमेंद्र चालवायला लागला. त्याच्या कमरेचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी स्टेअरिंग बंद म्हणून सांगितलं. लोकेंद्रला मोटरसायकलच्या पुढे काही येत नाही. मग मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, खळ्यावर मला ट्रक शिकवला. माझ्यावर माया आली म्हणून नव्हे हं. गाडी उभ्या उभ्या गंजून जाईल म्हणून. पण मला ते जमलं. जमलं काय, आवडलंच. लायसन काढलं आणि चालवायला लागले.

काम म्हणजे खरेदी केंद्रावरून धानाची पोती उचलायची आणि गोंदियाच्या मिलमध्ये पोचवायची. मिल गुंजनताई सांभाळतात. पहिल्या दिवशी मिलच्या गेटवरच्या चौकीदारानं माझ्याकडे पाहून विचारलं होतं, "ड्रायव्हर कुठाय?" मी म्हटलं, तुमच्यासमोर. तो गाडीच्या खाली वाकून बघून आला, बोला! ती फेरी मी अशी मिळवलेली आहे, आणि ती माझी आहे. माहेरचं नाही, सासरचं नाही, नवऱ्याचं नाही. माझं म्हणावं असं जे काय आहे ते एवढंच.

यंदा धान निघायच्या आधी इंजिन फारच कुरकुरायला लागलं. काळा धूर, वरून टकटक, तेलाचा तर नुसता भस्म्या रोग. गुंजनताई म्हणाल्या, "रविता, आत्ताच काम करून घे. पण केंद्रावरून धानाची उचल सुरू झाली की गाडी लागली पाहिजे. तुझी गाडी नाही आली तर मला टेकचंदची लावावी लागेल." टेकचंद दुसऱ्या मिलची पोती वाहतो, पण त्याची गाडी एकदा एखाद्या फेरीला लागली की ती तिथून निघत नाही, हे सगळ्या कोहमाऱ्याला ठाऊक आहे.

गाडी मनिरामच्या गॅरेजात घातली. त्यानं हेड उघडलं, बाकी किरकोळ निघालं, पण रॉकर सगळे झिजलेले. रॉकर म्हणजे काय, तर लहान पोरं फळीवर खालीवर खेळतात ना, तसली लोखंडाची छोटी फळी. एका टोकाला खालून कॅम ढकलतो, दुसरं टोक वॉल्व दाबून उघडतं. दीडचा रॉकर म्हणजे कॅमनं जेवढं ढकललं त्याच्या दीडपट वॉल्व उघडणार. आमच्या गाडीला पहिल्यापासून दीडचे. मनिराम म्हणाला, नवे आणा. आता नवे आणायचेत तर तेच आणायचे, एवढी साधी गोष्ट. पण आमच्या घरात साधी गोष्ट साधी राहिली तर सूर्य पश्चिमेला उगवेल.

लोकेंद्र दुकान बंद करून मोबाईल नाचवत आला. "भैया, दीडचे कायले लावता? वन पॉइंट सिक्स लावू! वॉल्व जास्त उघडन, हवा जास्त जाईन, गाडी नुसती उडन. हे पाय, व्हिडिओ पाय."

व्हिडिओत कुठल्या तरी परदेशातल्या रिकाम्या रस्त्यावर एक चकचकीत गाडी सुसाट चालली होती. ना मागे पोती, ना पुढे म्हशी.

हेमेंद्र कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बाबानं दीडचे लावले होते. दीडचेच लागतीन."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? लावले होते म्हणून."

"हे काही कारण झालं का, भैया?"

"तू आधी मोबाईलची काच नीट बसवाले शिक, मंग इंजिनात बोट घाल."

सुरू झालं. मनिराम पाना हातात धरून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. मी मध्ये म्हटलं, "अजी, मले विचारा ना. गाडी मी चालवते."

हेमेंद्र म्हणाला, "तू थांब. हे इंजिनाचं काम आहे."

लोकेंद्र म्हणाला, "भाभीले विचारून काय होते? भाभी भैयाचीच बाजू घेईन."

झालं. दोघांनी मिळून दोन वाक्यांत मला निकालात काढलं. एका भावाला वाटतं मला काही कळत नाही, दुसऱ्याला वाटतं मला कळतं ते नवऱ्याचं कळतं. माझ्या डोक्यात काय आहे हे बघायला दोघांपैकी एकालाही सवड नाही.

आता माझ्या डोक्यात काय होतं ते तुम्हाला तरी सांगते. रोजचा रस्ता माझ्या पायांना पाठ आहे. केंद्रापासून डांबरी सडकेपर्यंत चिखलाचा पांदण रस्ता, दुसऱ्या गिअरवर रांगत. मग मुरदोलीच्या जंगलातला चढ, पोटभर पोती घेऊन. मग गोरेगावचे ब्रेकर, मग गोंदियाची गर्दी, दर शंभर पावलांवर थांबा नि उठा. या अख्ख्या रस्त्यात इंजिनाला मी कधी किंचाळू देत नाही. मला ताकद पाहिजे ती खाली, हळू चालीत. लोकेंद्रचा एक-सहाचा रॉकर कमाल दाखवणार ती वर, इंजिन जोरात फिरेल तेव्हा. तिथे मी जातच नाही. शिवाय वॉल्वच्या स्प्रिंगवर जास्त ताण, टॅपेट, म्हणजे रॉकर नि वॉल्वमधली फट, सारखे सेट करा, आणि भर हंगामात गाडी गॅरेजात. म्हणजे दीडचेच बरे. पण हेमेंद्र म्हणतो म्हणून नव्हे! त्याचं उत्तर बरोबर आणि कारण भिकार. आणि मी तोंडातून दीड म्हटलं रे म्हटलं, की ते त्याचं होऊन जाणार. असा संताप आला होता म्हणून सांगू!

भांडण घरी आलं. जेवताना तेच, हात धुताना तेच. दोघंही हट्टाला पेटले आणि दोघांनीही आपापला अख्खा सेट आणून मनिरामच्या टेबलावर ठेवला. इकडे उचल सुरू व्हायला आली आणि इंजिन उघडं पडलेलं. शेवटी मामाजी उठले.

आता मामाजींची रीत सांगायला पाहिजे. माणूस न्यायी. जन्मात त्यांनी कुणाला जास्त दिलं नाही, कुणाला कमी दिलं नाही. भावाभावांचं भांडण दिसलं की मधोमध कापायचं, एवढं त्यांना माहीत. धानाच्या बांध्या, म्हणजे शेताचे तुकडे होते, मधून धुऱ्याचा बांध टाकून दोन हिस्से केले. विहिरीचं पाणी पाळीनं वाटलं. गोठ्याच्या मधून भिंत घातली. म्हैस एकच होती, तर तिचं तोंड एकाकडे आणि शेपूट दुसऱ्याकडे. हिस्से थोरल्यानं पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचे, हा त्यांचा नियम. गावातले लोकसुद्धा त्यांना वाटणीला बोलावतात.

गॅरेजात येऊन त्यांनी इंजिनाकडे बघितलं, बोटानं मोजलं आणि म्हणाले, "सहा आहेत ना? तीन लोकेंद्रचे, तीन हेमेंद्रचे. आपापल्या हिश्श्यात आपापले रॉकर लावा. भांडू नका बे."

मला वाटलं मस्करी करतात. मामाजी मस्करी करत नाहीत.

मनिराम म्हणाला, "काका, हे इंजिन आहे. बांधी नाही."

"मालक कोण आहे?"

"तुम्ही."

"मंग लाव."

मनिरामनं पाना उचलला. त्याला काय, गिऱ्हाईक सांगेल तसं. मी म्हटलं, "मामाजी, असं नका करू. सहाही एकसारखे लागतात. अर्धे असे, अर्धे तसे लावले तर गाडी लंगडी होईल."

"रविता, भावाभावांत तू नको पडू बाई," मामाजी शांतपणे म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला. भावाभावांत पडले नव्हते मी, इंजिनात पडले होते!

पुढे ऐका. हेमेंद्रनं हिस्से पाडले: पुढचे तीन, मागचे तीन. लोकेंद्र धाकटा, तो आधी उचलणार. त्यानं वाकून, चहूबाजूंनी बघून, पुढचे तीन मागितले. का, तर रेडिएटर जवळ, वारा आधी लागतो. मग हेमेंद्रचं तोंड पडलं. त्याला म्हणे पुढचेच पाहिजे होते. मी तिथल्या टायरवर बसले आणि खरंच रडावं की हसावं ते कळेना. मनिरामनं रॉकर लावले, वॉल्व पिस्टनला लागत नाहीत ना तेवढं हातानं इंजिन फिरवून बघितलं, झाकण बसवलं आणि हात धुवायला निघून गेला. माझ्याकडे मात्र त्यानं बघितलं नाही.

उचल सुरू झाली. रिकामी गाडी केंद्रापर्यंत गेली, तेव्हाच पुढून टकटक आणि मागून गुरगुर. पोती भरली, सडकेला लागले. मुरदोलीच्या चढावर दुसरा गिअर टाकला आणि अहो, गाडी जी थरथरायला लागली! स्टेअरिंग थरथरतंय, सीट थरथरतेय, माझे दात थरथरतायत. आरशात बघितलं तर मागे टेकचंद येतोय, आणि एक नाही, आरसा इतका हलत होता की दोन टेकचंद येत होते. एकच काय कमी होता! चढाच्या मध्यावर गाडीनं दम टाकला. मी पहिल्या गिअरवर आणली, तेव्हा कुठे इंच इंच वर सरकली. टेकचंदनं बाजूनं काढली आणि खिडकीतून ओरडला, "काय झालं वो बाई, गाडीले हिवताप आला का?"

मी बोलले असते तर जंगलातली माकडं पळाली असती.

मिलमध्ये पोचायला इतका उशीर झाला की हमाल जेवायला गेलेले. गुंजनताई बाहेर आल्या. त्या ओरडत नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "रविता, तू आहेस म्हणून मी थांबते. पण पोती थांबत नाहीत गं. उद्याही असंच झालं तर मी टेकचंदला सांगून टाकीन."

परत येताना गाडी रिकामी होती, पण मी भरलेली होते. घराकडे वळायचं तिथे वळलेच नाही. सरळ मनिरामच्या गॅरेजात गाडी घातली.

"खोला," मी म्हटलं. "पुढच्या तिघांचे काढा. दीडचे लावा, हेमेंद्रच्या सेटमधले उरलेले पडलेच आहेत तुमच्या टेबलावर."

मनिराम डोकं खाजवत म्हणाला, "भाभी, मालकाले विचारलं का?"

"मुरदोलीचा चढ कोण चढून आलं? मालक आले का? तुमचे ते दोन्ही हिस्सेदार आले का?" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या पंक्चरवाल्यानं हातातलं काम थांबवलं. "मनिरामभाऊ, ही फेरी गेली तर मी परत चुलीपुढे बसते, आणि ही गाडी तुमच्या दारात सडते. खोला म्हटलं ना!"

त्यानं खोललं. मी तिथेच उभी राहिले, एकेक टॅपेट बसेपर्यंत. चावी फिरवली आणि इंजिन एका सुरात बोलायला लागलं. दुसऱ्या दिवशी तोच चढ, तीच पोती, दुसऱ्या गिअरवर आरामात चढले. टेकचंद माझ्या मागे होता आणि आरशात एकच होता. मिलमध्ये वेळेवर पोचले. गुंजनताईंनी फक्त मान हलवली. उद्या पुन्हा उचल होती.

संध्याकाळी घरी आले तेव्हा तिघंही अंगणात बसलेले. इंजिनाचा आवाज ऐकूनच त्यांना कळलं. मी खाली उतरले, काय केलं ते सांगितलं. वाटलं होतं, निदान एक जण तरी म्हणेल, बरं केलं.

हेमेंद्र मांडीवर थाप मारून म्हणाला, "पाहिलं? म्हटलं होतं मी! दीडचेच लागतीन म्हटलं होतं."

लोकेंद्र म्हणाला, "झालं! शेवटी नवऱ्याचंच ऐकलं ना भाभी तुम्ही."

आणि मामाजी चिंतेत पडले. हनुवटी खाजवून म्हणाले, "म्हंजे सहाही हेमेंद्रले गेले. मंग आता लोकेंद्रले काय द्यावं? असं करू. विहिरीसारखी पाळी लावू. एक महिना सहाही याचे, एक महिना सहाही त्याचे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर ट्रक हाकून आलेली मी, अंगावर धानाचा भुसा, आणि हे बसलेत माझ्या इंजिनाची पाळी लावत! मी काही ओरडले नाही. कमरेची चावी काढली आणि मामाजींच्या खाटेवर ठेवली.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "इंजिन तुमचं, हिस्से तुमचे, पाळी तुमची. ज्याचं इंजिन त्यानं चालवावं. सकाळी उचल आहे."

आणि आत जाऊन भाकरी थापायला बसले.

सकाळी मी उठले, सडा टाकला, चहा ठेवला, तांदूळ निवडायला घेतले. माझी फेरी मीच डावावर लावली होती. तिकडे केंद्रावर पोती रचून झाली असतील, टेकचंद चहा पीत वाटच बघत असेल. एकदा वाटलं, रविता, उठ, मुकाट्यानं चावी उचल आणि जा. मान मिळाला नाही तर नाही, फेरी तरी राहील. हात सुपावरून उठलाही होता. पण मी तो परत सुपात घातला.

अंगणात तिघं. चावी खाटेवर तशीच. हेमेंद्र कमरेला हात लावून बसलेला. लोकेंद्र चावीकडे अशा नजरेनं बघतोय की जणू ती चावेल.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गुंजनताई. मी बाहेर आले आणि वाजणारा फोन तसाच नवऱ्याच्या हातात दिला. "घ्या. मालकाले विचारून राहिल्या."

हेमेंद्रनं बघितलं आणि तो लोकेंद्रला दिला. लोकेंद्रनं जसा निखारा धरावा तसा धरून मामाजींना दिला. मामाजींनी नाइलाजानं कानाला लावला. गुंजनताईंचा आवाज अंगणभर ऐकू आला, "हॅलो? गाडी का नाही लागली? ड्रायव्हर कुठाय?"

मामाजींनी हेमेंद्रकडे बघितलं. लोकेंद्रकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मधोमध कापता येईना असं काही तरी समोर आलं होतं. मग माझ्याकडे बघितलं.

"आहे जी," ते फोनमध्ये म्हणाले. "घरीच आहे. निघून राहिली."

फोन ठेवला, चावी उचलली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चावी दिली नाही, हातातच धरून ठेवली.

"रविता, दीडचेच कायले लावले तू? हेमेंद्र म्हणाला म्हणून?"

"नाही."

"मंग कायले?"

एवढंच. हा एक शब्द या घरात कुणी तरी मला विचारावा म्हणून मी किती दिवस तडफडत होते. मी चावी घेतली.

"बसा गाडीत," मी म्हटलं. "मुरदोलीच्या चढावर सांगते. घरात नाही समजणार."

ते बसले. म्हातारं माणूस, पण धोतर सावरून ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर नीट चढले. दोन्ही भाऊ फाटक उघडायला धावले. अर्धं यानं उघडलं, अर्धं त्यानं.

केंद्रावर टेकचंदची गाडी माझ्या जागेवर लागायला निघालीच होती. मी हॉर्न दाबला तो त्यानं गाडी मागे घेईपर्यंत सोडला नाही. पोती भरली. चढावर दुसरा गिअर टाकला आणि सगळं सांगितलं. पांदण रस्ता, खालची ताकद, स्प्रिंग, टॅपेट, सगळं. मामाजी डॅशबोर्डवर पालथा हात ठेवून इंजिनाची थरथर बघत होते. गोरेगाव गेलं तरी बोलले नाहीत. मला वाटलं, गेलं हेही पाण्यात.

मिलच्या गेटवर तोच चौकीदार. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा बघून तो त्यांच्याच खिडकीशी गेला आणि अदबीनं म्हणाला, "मालक, गाडी कुठं लावता? इकडं का मागच्या शेडले?"

"मले कायले विचारता जी?" मामाजी म्हणाले. "मी क्लिनर आहो. ड्रायव्हरले विचारा."

माझे डोळे भरून आले. पण शेड मागे होती, गाडी रिव्हर्समध्ये होती, आणि क्लिनर खाली उतरून हात हलवत ओरडत होता, "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या."